उरलेली भट्टी

धुराचा त्रास वाढला म्हणून ब्याण्णव साली गावानं ठरवलं, की प्रत्येक वीटवाल्यानं वर्षाला दोनच भट्ट्या लावायच्या. ज्याची उरेल त्यानं ती हवी तर दुसऱ्याला द्यावी. माझ्या दोन्ही लावून झाल्या होत्या आणि साक्रीच्या शाळेला अजून विटा द्यायच्या होत्या, नाहीतर ठेकेदार दुसरीकडे जाणार होता. जीवरामची एक भट्टी उरली होती, म्हणून मी त्याच्या घरी गेलो.

"अर्ध्या इटा मन्या, अर्ध्या तुन्या," तो म्हणाला.

"राबसू मी, आनि घरमा बसीसन अर्ध्या तुन्या? हाऊ कोनता न्याव?"

घासाघीस करता करता तो चौथ्या हिश्श्यावर आला. मी हो म्हणणार, तोच आतून त्याच्या बायकोनं, लताबाईनं हाक मारली. "जेवाले या ना, भाकर थंडी हुई राह्यनी."

"थांब वं जराशी!" तो खेकसला.

मी उठलो. "नको माले तुनी भट्टी."

"चौथा हिस्साबी जड जास का? मंग फुकट ले, भाऊ!"

मी फुकटही घेतली नाही. शाळेचं काम गेलं. माझी झुंबरबाई वारल्यापासून मला जेवायला या म्हणणारं घरात कोणी नाही, आणि जीवराम थांब म्हणतो.