दुसरा हात

विमानावरचं वार्निश पिवळं पडून चिकट झालं होतं. रविवारी दुपारी शिवमनं गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं, स्पिरिटची बाटली उघडली आणि कापसाचा बोळा पंखावर फिरवायला घेतला. फक्त वार्निश काढायचं, खालचा रंग तसाच ठेवायचा, असं त्यानं ठरवलं होतं. तो रंग त्यानं स्वतः दिला होता, दहा वर्षांचा असताना. गुलमंडीच्या बाजारातून आणलेलं प्लास्टिकचं लढाऊ विमान, आणि घरातल्या उरलेल्या डब्यांतून शोधून काढलेला राखाडी ऑइलपेंट. ऑइलपेंट स्पिरिटला दाद देत नाही, एवढं त्याला माहीत होतं.

त्याचे वडील, आप्पा, खुर्चीत बसून बघत होते. वाळूजच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं गाड्यांना रंग मारला होता. करमाडचं घर बंद करून ते महिन्याभरापूर्वी मुलाकडं राहायला आले. विमान त्यांच्याच पेटीत निघालं होतं.

बोळा मळला. शिवमनं दुसरा घेतला. त्याची बायको प्रेरणा वाळलेले कपडे काढायला आली आणि थांबली.

"अहो, रंग निघतोय."

"वार्निश आहे ते."

"नाही, राखाडी रंग निघतोय. खाली गुलाबी आहे."

शिवमनं पंख डोळ्यांजवळ नेला. पुसलेला आणि न पुसलेला भाग त्याला सारखाच दिसला. आपल्याला काही रंग वेगळे ओळखता येत नाहीत, हे त्याला अठराव्या वर्षी कळलं होतं, हवाई दलाच्या मेडिकलला. डॉक्टरांनी ठिपक्यांचं पुस्तक पुढं धरलं. पहिलं पान सोडलं तर त्याला कुठंच आकडा सापडला नाही. त्याआधीची आठ वर्षं तो हवाई दलात जायचं म्हणून रोज पहाटे पळत होता.

"नक्की गुलाबी?"

"नक्की. फिका आहे."

"तू उचललेला त्यो डबा देव्हाऱ्याच्या रंगाचा व्हता," आप्पा म्हणाले.

प्रेरणानं कपडे छातीशी धरले. शिवमनं मान वर केली नाही.

"वरचा राखाडी हात तुम्ही मारला?"

"व्हय. तू शाळंत गेल्तास. पाण्यात कालवायचा रंग व्हता, स्पिरिटनं निघणारच. वरनं वार्निश मारलं आन् तुला सांगितलं, नुसतं वार्निशच मारलंय म्हणून."

"म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं."

"रंगातच जल्म गेला माझा. न कळाया काय झालं?"

"आणि मला पळू दिलं. आठ वर्षं."

आप्पांनी चष्मा काढून हातात घेतला.

"आज सांगू, उद्या सांगू म्हणलं. तू फारम भरला त्या दिशी तर पार तोंडाशी आलं व्हतं. तेवढ्यात तुझी माय वाटीत साखर घेऊन आली. मग मलाच वाटाया लागलं, पोरगा नुसता डबा उचलाया चुकला आसंल."

राग यायला हवा होता. शिवमनं थोडा वेळ त्याची वाट बघितली. आला नाही. स्पिरिटनं बोटं गार पडली होती, तेवढंच जाणवत होतं.

त्यानं नवा बोळा भिजवला आणि शेपटीकडून पुसायला सुरुवात केली. मग थांबला.

"प्रेरणा, कुठं कुठं राहिलाय ते सांग. मला दिसत नाही."

प्रेरणा पुढं होणार, तोच आप्पा खुर्चीवरून उठले. गुडघ्यावर हात रोवत त्याच्यासमोर खाली बसले. धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि विमानाच्या पोटाखाली बोट टेकवलं.

"हितं हाय अजून माझा," ते म्हणाले. "पूस."