अप्पांच्या फॉन्टमधलं पत्र

मुलांनो, तुमच्याहून वयाने मोठा, फुगीर पडद्याचा एक कॉम्प्युटर डोळ्यांसमोर आणा. त्याच्यापुढे दहा वर्षांची मैथिली बसली आहे. गेल्या वर्षी वारलेले तिचे आजोबा, अप्पा, याच्यावरच पत्रं लिहायचे, तीही जुन्या मराठी फॉन्टमध्ये. बाकी कुठेही ती उघडली, की नुसती चिन्हांची खिचडी दिसे.

"आज याच्यावर माझी मेल उघडली तर ठेवू," बाबा म्हणाले, "नाहीतर संध्याकाळी भंगारवाला येतोय."

जुन्या कॉम्प्युटरांसाठी हौशी मंडळींनी बनवलेला ब्राउझर तिने पेन ड्राइव्हवरून घातला. तरी मेल उघडेना. मग तिचं लक्ष कोपऱ्यातल्या तारखेकडे गेलं. १ जानेवारी २००१! इतक्या मागे राहिलेल्या कॉम्प्युटरवर कुठली वेबसाइट विश्वास ठेवील? तिने आजची तारीख घातली, आणि मेल उघडली.

"बाबा, उघडली! आणि नवीन पत्र आलंय. आजचं. अप्पांच्या पत्त्यावरून!"

तेच पत्र बाबांच्या मोबाइलवरही आलं होतं. "कचरा आहे गं, नुसती चिन्हं," ते म्हणाले. "कुणीतरी खोडी काढतंय."

फुगीर पडद्यावर मात्र ते स्वच्छ मराठीत दिसत होतं.

"मैथिलीबाई, शाब्बास! आता फक्त कॉम्प्युटर बंद करू नका. बंद केलात, की इथे फार अंधार होतो."

मैथिलीने वहीचं पान फाडलं, त्यावर ठळक अक्षरांत 'हे बटण बंद करू नये' असं लिहिलं आणि भिंतीवरच्या बटणावर ते चिकटपट्टीने पक्कं चिकटवून टाकलं.