दिवाणातल्या सहा बाटल्या

चव बघायला म्हणून मोरीत ठेवलेली बाटली फुटली तेव्हा निनाद जेवत होता. तो धावला. बिअरचा फेस छतावरून ठिबकत होता आणि काचेचा एक तुकडा लाकडी दारात बोटभर रुतला होता.

"आत्ताच हात धुऊन आले मी तिथून," त्याची बायको मैथिली म्हणाली.

निनादने फ्रिजवर चिकटवलेला कृतीचा कागद काढला. मित्राची कृती वीस लिटरची होती, या दोघांनी घरी पाचच लिटर केली. म्हणून माल्ट, हॉप्स, यीस्ट, प्रत्येक आकड्याला चारने भागून त्याने शेजारी पेन्सिलीने नवा आकडा लिहिला होता. मग त्याने कागद उलटला. मागे एकच ओळ होती, बाटल्या भरताना गॅस धरायला घालायच्या साखरेची. तिच्या शेजारी पेन्सिल लागलीच नव्हती. साखर वीस लिटरचीच पडली होती, म्हणजे प्रत्येक बाटलीत चौपट गॅस.

"म्हणजे बाकीच्या सहाही फुटणार?" मैथिलीने विचारलं.

त्या सहा आईच्या दिवाणात होत्या, गोधड्यांखाली. आईच्या नजरेला पडणार नाही अशी घरात तेवढीच जागा होती, कारण दिवाणाची फळी तिला उचलत नसे.

आईला कमी ऐकू यायचं. ती दुपारची त्याच दिवाणावर आडवी झाली होती. निनाद तिच्या कानाशी वाकला. "आई, ऊठ. पण सावकाश, धक्का न देता."

"पाच मिनिटं पडू दे रे," डोळे न उघडताच आई म्हणाली, आणि तिने कूस बदलली.

फळी करकरली. खाली काचेवर काच किणकिणली.