मोकळ्या रानातलं मटण

"हे आजचं नाही." विश्रामने मटणाची पिशवी ओट्यावर आपटली. "कालचं उरलेलं माझ्या गळ्यात मारतोयस."

भगवानने सुरा बाजूला ठेवला. "साहेब, बोकड तुमच्या डोळ्यांदेखत कापला."

"कापला असशील. पिशवीत काय भरलंस ते कुणी बघितलंय?"

आजूबाजूची गिऱ्हाइकं वळून बघू लागली. कल्याणच्या पुढे, मुरबाड रस्त्यापासून आत, टेकडीच्या पायथ्याशी भगवानचं शेत होतं. बोकडं दिवसभर माळावर चरायची. त्यांना ना इंजेक्शन, ना बाजारचं खाद्य. ठाणे-डोंबिवलीहून लोक रविवारी सकाळी गाड्या काढून यायचे आणि भगवानशी अदबीने बोलायचे. विश्राम कुणाशीच अदबीने बोलत नसे. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात मॅनेजर असताना लागलेली सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती.

"अहो, चांगलं आहे मटण," सुमेधा हळूच म्हणाली.

"तुला काय कळतं त्यातलं? जन्मभर शिजवतेयस, एकदा तरी धड रस्सा जमला का?"

भगवानची बायको रखमाबाई दाराशी उभी होती. तिने मान फिरवली. भगवानने पिशवी उचलून आतल्या टोपलीत टाकली.

"साहेब, तुम्ही या आता. पुन्हा येऊ नका. तुम्हाला मटण मिळणार नाही."

"अरे जा! तुझ्यासारखे छप्पन्न भेटतील."

विश्राम गाडीकडे निघाला. सुजलेले पाय सँडलमध्ये मावत नव्हते, म्हणून पट्टे मोकळे सोडले होते. गाडीत बसल्यावर तो सगळा राग सुमेधावर काढत राहिला. हे शेत तिनेच शोधून काढलं होतं. गेल्या वर्षी त्याला फार थकवा यायला लागला, तेव्हा तपासण्या केल्या. दवाखान्यात ताटकळायचा त्याला तिटकारा, म्हणून रिपोर्ट घेऊन सुमेधा एकटीच डॉक्टरांकडे गेली. अंगात रक्त भरायला हवं, असं तिने घरी येऊन सांगितलं. मटण खा, पण बाजारातलं नको, रानात चरलेल्या बोकडाचं बघा. तेव्हापासून रविवार चुकला नव्हता.

कल्याण आलं तशी सुमेधा म्हणाली, "डोंबिवली जवळच आहे. दोन मिनिटं आपल्या कादंबरीकडे डोकावू या? बाळाला अजून बघितलं नाही मी."

विश्रामने करकचून ब्रेक मारला. मागच्या रिक्षावाल्याने शिवी हासडली.

"मला मुलगी नाही. तिने आपल्या मनाने लग्न केलं त्या दिवशीच ती मेली. मी आहे तोवर तिने उंबरा चढायचा नाही आणि तू तिची पायरी चढायची नाहीस. चोरून फोन केलास तर तुझंही सामान बाहेर. कळलं?"

"कळलं," सुमेधा म्हणाली. ठाण्यात कोलशेतला घरी पोचल्यावर ती स्वयंपाकाला लागली.

दोन दिवसांनी ती एकटीच शेतावर आली. कल्याण स्टेशनवरून एसटीने फाट्यापर्यंत, तिथून उन्हात पायी. रखमाबाईने तिला पाणी दिलं.

"ताई, चारचौघांत असं बोलणाऱ्या माणसासाठी एवढी पायपीट?"

"त्यांच्या तोंडचा घास तोडू नका हो." सुमेधाने हात जोडले. "त्या दिवसापासून जेवताना ताट सरकवून देतात. बाजारातलं आणलं तर तोंडात धरत नाहीत. त्यांच्या वतीने मी माफी मागते."

भगवान खाटेवर बसला होता. "तुम्ही माफी कशाला मागताय ताई? शिव्या त्यांनी घातल्या. माझ्या मालाला आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं."

"मला ठाऊक आहे, भाऊ. म्हणून तर तुमच्याकडेच आले."

भगवान खाटेवरून उठला. म्हणाला, "तुमच्याकडे बघून देतो. पण ते माझ्या बांधावर पाय ठेवणार नाहीत."

"नाही ठेवणार. मीच येईन."

पुढच्या रविवारपासून ती एकटी येऊ लागली. नळ्या, कलेजी, गुर्दे मागून घ्यायची.

"चरबी काढू?" भगवान विचारायचा.

"राहू दे. त्यांना आवडते."

विश्रामची भूक वाढली होती, तोंडही. रस्सा पातळ झाला तर वाटी भिंतीवर जायची. सुमेधा भिंत पुसून पुन्हा वाढायची. शेजारची उत्तरा एकदा म्हणाली, "काकू, तुमच्या जागी मी असते तर त्यांना वरणभातावर ठेवलं असतं." सुमेधा नुसती हसली. तिकडे रखमाबाईही गिऱ्हाइकांना सांगायची, नवऱ्याचं करावं तर त्या ठाण्याच्या ताईंनी.

गणपतीच्या आधी विश्रामची सूज चेहऱ्यावर आली. मग धाप लागायला लागली. एका सकाळी तो न्हाणीघराच्या दारात कोसळला. उत्तराच्या नवऱ्याने गाडी काढली आणि त्याला इस्पितळात पोचवलं.

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर सुमेधा पदर सावरून बसली होती. गेल्या वर्षी रिपोर्ट बघितलेले डॉक्टर बाहेर आले आणि तिच्या शेजारी टेकले.

"दोन्ही मूत्रपिंडं गेली आहेत. डायलिसिस सुरू केलंय, पण हृदयावर फार ताण आलाय. मला आशा वाटत नाही."

सुमेधाने मान खाली घातली.

"एवढ्या लवकर असं व्हायला नको होतं," डॉक्टर म्हणाले. "त्या दिवशी मी तुम्हाला बजावलं होतं, मटणाचा एक तुकडाही त्यांच्यासाठी विष आहे. बंद केलं होतं ना?"

"त्याच दिवशी, डॉक्टर," सुमेधा म्हणाली. "त्यांच्या ताटात काय पडतं, त्यावर मी स्वतः लक्ष ठेवलंय."