सिस्टर उर्सुलांची मायबोली

"सिस्टर उर्सुला, यंदा मुलींना तुमच्या मायबोलीत चार शब्द ऐकवा," शाळेच्या स्थापनादिनी मुख्याध्यापिका सिस्टर प्रमिला म्हणाल्या.

तरुणपणी ऑस्ट्रियाहून येऊन नगरजवळच्या माळावर ही शाळा काढणाऱ्या दोन धर्मभगिनींपैकी आता उर्सुला एकट्याच उरल्या होत्या. सिस्टर आग्नेस गेल्यापासून शेंगा सोलताना त्यांच्याशी जर्मनमध्ये बोलणारं कुणी नव्हतं.

त्या माइकपुढे उभ्या राहिल्या, पण तोंडून "बाळांनो" एवढंच निघालं. त्यांनी आईची हाक आठवून पाहिली, जेवणाआधीची प्रार्थना आठवून पाहिली. सगळं मराठीतच आठवत होतं. शेवटी त्या म्हणाल्या, "शिका, मोठ्या व्हा." टाळ्या पडल्या.

"किती आपल्या झाल्यात सिस्टर," प्रमिला कौतुकाने म्हणाल्या. उर्सुला कसनुसं हसल्या.

संध्याकाळी त्या दफनभूमीत गेल्या. आग्नेसच्या कबरीवरचा पाचोळा त्यांनी हाताने बाजूला केला.

"आग्नेस," त्या हळूच म्हणाल्या, "तुला मराठी कधीच धड जमली नाही. पण मला आता तेवढीच येते गं. समजून घे."