चार मिनिटांची डिस्क

"याहून हळू चालणारी आहे का?" मी विचारलं.

दुकानदाराने माझ्याकडे नीट पाहिलं. दोन आठवड्यांपूर्वी त्यानेच मला दुकानातली सगळ्यात वेगवान एसएसडी डिस्क निवडून दिली होती. "मॅडम, गेमच्या सर्व्हरला हीच लागते. काय बिघडलं हिचं?"

काहीच बिघडलं नव्हतं. कॉलेजातले आम्ही चौघं गेली वीस वर्षं दर रविवारी दुपारी आपापल्या गावांतून एकत्र खेळतोय. सर्व्हर माझ्या घरी, कऱ्हाडला. गेल्या महिन्यात बंद पडलेली जुनी हार्ड डिस्क कुरकुरत खेळाचा नकाशा उघडायला चार मिनिटं घ्यायची. तेवढ्यात कुणाच्या पोरीचा निकाल, कुणाचा दुखरा गुडघा, हॉस्टेलच्या मेसमधली पाणचट आमटी, सगळं निघायचं. नवी डिस्क चार सेकंदांत नकाशा उघडते. दोन रविवार आम्ही मुकाट्याने गोळ्या झाडल्या आणि निघून गेलो.

त्याने मागच्या फळीवरची, धूळ बसलेली एक हार्ड डिस्क काढून दिली. "पस्तावाल," म्हणाला.

रविवारी ती कुरकुरायला लागली, तसे आम्ही सगळेच हसलो. मग मस्कतहून संग्राम म्हणाला, "माझी नोकरी गेलीय. तीन आठवडे झाले. मागच्या दोन्ही रविवारी सांगणार होतो, पण लगेच खेळ सुरू झाला."

नकाशा उघडला. पहिली गोळी कुणीच झाडली नाही.