नावापुढचं टिंब

बस बडनेरा मागे टाकून मूर्तिजापूरच्या जवळ आली आणि दामिनीचा डोळा लागतो न लागतो तोच फोन वाजला. अमरावतीहून, डेअरीच्या राजापेठच्या ऑफिसातून खुशालराव.

"दामिनीताई, दूध अडलं."

तीन दिवसांत दामिनी एकंदर सात तास झोपली होती, तेही खुर्चीत. संध्याकाळी साडेपाचला अकोल्यात तिच्या भाचीचं बारसं. कानात नाव सांगायचं ते आत्यानेच, आणि आत्या ही एकच. "मुहूर्त टळला तर पोरगी बिननावाची राहीन," असं तिच्या आईने, मनकर्णाबाईंनी, सकाळपासून चार वेळा फोन करून बजावलं होतं.

"मशीन काय दाखवते, काका?"

"'दर सापडत नाही' म्हनते. चाळीसही सेंटरवर. चांदूर रेल्वेले बाया कॅन घेऊन लायनीत उभ्या. ऊन असं हाय का दूध कॅनातच इरजून राहिलं."

दामिनीने कपाळ खिडकीच्या गजाला टेकवलं. डेअरीचा एकच मोठा प्रोग्राम होता तेव्हा बरं होतं. या तीन दिवसांत तिने त्याचे तुकडे केले होते: वजनाचा एक, फॅटचा एक, दराचा एक, पावतीचा एक. प्रत्येकाचं बिऱ्हाड वेगळ्या मशीनवर, आणि काम पडलं की एकमेकांना अशी हाक मारायची, जणू सगळे एकाच ओसरीवर बसलेत. हाक मारायची तर पत्ता हवा. पत्ते सांगायला एक सर्व्हर होता, देशोदेशीच्या लोकांनी मिळून लिहिलेला, कोणालाही फुकट. गुणी, पण एका खोडीचा. नावाच्या शेवटी टिंब दिसलं नाही, की त्याला वाटायचं नाव अर्धंच सांगितलं, आणि मग तो डेअरीचं आडनाव त्याच्यापुढे पुन्हा एकदा चिकटवायचा. दुपारी बस गाठायच्या घाईत दराच्या मशीनचं नवं नाव दामिनीनेच लिहिलं होतं. टिंब राहिलं. आता चाळीस गावं दराला दोन आडनावांच्या घरी शोधत होती, आणि त्या घरी कोणी राहत नव्हतं.

ऑफिसाबाहेरून सर्व्हरमध्ये शिरायला बंदीही तिनेच घातली होती, त्यामुळे बसमधून ते टिंब देता येईना. बाकीची पोरं सेंटरांवर गेलेली. ऑफिसात खुशालराव एकटे, वायरी आणि बॅटऱ्या सांभाळायला ठेवलेले.

"काका, नावाच्या सर्व्हरवर जा. दराची ओळ आहे, तिच्या शेवटी पूर्णविराम द्या. मिटलं."

"एवढंच?"

"एवढंच."

दोन मिनिटं गेली. "देला," खुशालराव म्हणाले.

त्याबरोबर दामिनीचा फोन थरथरायला लागला. वजन सापडत नाही. फॅट सापडत नाही. पावती सापडत नाही. आधी एकटा दर हरवला होता, आता कोणालाच कोणी सापडेना.

"काका, कसा दिला पूर्णविराम?"

"कसा म्हनजे? बटन दाबून. दिवा गेला, पंखा थांबला. एकदम शांत हाय आता."

"बंद केला? कावून?"

"तुमीच म्हटलं ना पूर्णविराम! तीस वर्सं मंडपात भोंगा लावला म्या, ताई. पुढारी म्हने, माह्या दोन शब्दाले पूर्णविराम देतो, का आपुन माईक बंद. एक डाव चालू राहू देला, तं अजून दीड घंटा बोलला थो."

फोनबाहेर येणारा आवाज ऐकून मागच्या सीटवरचा माणूस खो खो हसला. दामिनीलाही हसू आलं, पण हसायलाही अंगात काहीतरी लागतं. ते अर्ध्यात विरलं.

मूर्तिजापूरला बस दहा मिनिटं थांबली. पलीकडे अमरावतीची गाडी तोंड फिरवून उभी. परत फिरावं लागलं तर म्हणून दामिनी बॅग घेऊन खाली उतरली. आईचा फोन मध्येच येत होता, तो तिने तीनदा कापला.

"काका, पहिले तेच बटन दाबा. दिवा लागला? आता फाइल उघडा. ती ओळ दिसली? तिच्या शेवटी डॉट."

"डॉट म्हनाले काय झालतं मंग पयले!"

खुशालराव एका बोटाने टाइप करत. कळ दाबायच्या आधी ती कळ कुठे आहे ते मोठ्याने स्वतःलाच सांगत. तोवर इकडे दोन्ही गाड्या सुरू झाल्या. कंडक्टर दारातून ओरडला, "मॅडम, अकोला का अमरावती? एक काईतरी ठरवा!"

दामिनी दोन गाड्यांच्या मध्ये उभी राहिली. दोन्हीकडचा धूर तिच्याच तोंडावर.

"निघाली!" फोनमधून भोंग्यासारखा आवाज आला. "चांदूरले पावती निघाली! बाया टाळ्या वाजवून राहिल्या, ताई!"

टाळ्यांचं खरं की खुशालरावांच्या पदरचं, हे विचारायचं त्राण तिच्यात नव्हतं. ती अकोल्याच्या गाडीत चढली. पुढचा सगळा रस्ता डोळे उघडे ठेवून बसली. एकदा मिटले, तर गाडी अकोला सोडून पार शेगावला जाईल ही धास्ती.

साडेपाचला पाच कमी असताना ती घरात शिरली. पाळण्याभोवती बाया दाटल्या होत्या. कोणी पायांवर पाणी घातलं, कोणी कुंकू लावलं, कोणी ढकलतच पाळण्याशी नेलं. पोरगी गाढ झोपली होती. दामिनी वाकली, तोंड तिच्या कानाशी नेलं. आत्याने कुर्रर्र केलं की तिच्या पाठीत धपाटे घालायचे, म्हणून बाया हात उगारून तयार.

हात तसेच राहिले. कुर्रर्र काही येईना.

"बोल ना वं माय," कोणीतरी म्हणालं.

मनकर्णाबाईंनी गर्दीतून वाट काढली, वाकून पाहिलं. लेकीचं कपाळ पाळण्याच्या कडेवर टेकलं होतं. तोंड अर्धं उघडं. दोन श्वास एका लयीत चालले होते, एक लहान, एक मोठा.

त्यांनी बायांचे उगारलेले हात एकेक करून खाली केले.

"घुगऱ्या खाऊन घ्या, बायाहो," त्या कुजबुजल्या. "दोघी उठल्या का ठेवू नाव."